आयसीयूतल्या नव्या सिस्टरसाठी
बावीस वर्षं आयसीयूत काढली, म्हणून सांगते. कल्चरमध्ये, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, रेझिस्टंट क्लेब्सिएला (अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) आला की त्या बेडचा स्टेथो, बीपीचा कफ, थर्मामीटर वेगळा. तिथून हलवायचा नाही. हँडरब, म्हणजे हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, तळहातभर घ्या, 20 ते 30 सेकंद चोळा. अंगठा आणि नखांची टोकं हमखास राहतात. बांगड्या, अंगठी घरीच. ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात चोळायचेच. जुलाब सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे असतील तर मात्र साबण-पाणीच. त्याचे बीजाणू हँडरबला दाद देत नाहीत. पडद्याला हात लावून तसेच पुढच्या बेडकडे निघालेल्या डॉक्टरांना मी टोकते. रागावतात, रागावू देत. रोज राउंडला विचारा, कॅथेटर (लघवीची नळी) अजून कशाला? आणि लघवीची पिशवी जमिनीला टेकली असेल तर आधी ती अडकवा, मूत्राशयाच्या खालीच.