ई-चलान आलंय, भरायचं की चॅलेंज करायचं?

मेसेज आला की गाडीवर चलान पडलंय, पाचशे रुपये, की बरेच जण चिडून लगेच भरून मोकळे होतात, आणि बाकीचे तो मेसेज डिलीट करून टाकतात आणि गाडी विकायला काढेपर्यंत त्याकडे बघत नाहीत. माझं म्हणणं आहे की दोन्ही करू नका. मधे दहा मिनिटांचं एक काम आहे, चलानाचा फोटो उघडून नीट बघणं, आणि भरायचं की भांडायचं हे बहुतेक वेळा त्या फोटोवरच ठरतं. हे सगळं महाराष्ट्रातल्या गाड्यांसाठी लिहितोय, दुसऱ्या राज्यात दंडाचे दर आणि साइट वेगळी असू शकते.

फोटोच्या आधी मेसेज खरा आहे का ते बघा. सध्या व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकायची, फाईल फिरतेय, ती इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपी आणि बँक खातं दोन्ही गेलं समजा. वाहतूक पोलीस कधीही व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाहीत. मेसेजमधल्या लिंकवर बोटच लावू नका, ब्राउझरमध्ये स्वतः टाईप करा, महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर ती चलानाची सरकारी साइट नाही, विषय संपला. तिथे गाडीचा नंबर आणि चासी नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात, फोटोसकट. महाट्रॅफिक ॲपवरही दिसतात. आणि आरसीला जुना मोबाईल नंबर जोडलेला असेल तर तो परिवहनच्या साइटवर आजच बदला, कारण खूप लोकांना चलान पडलंय हेच माहीत नसतं आणि कळतं तेव्हा पाचसहा साचलेली असतात.

आता फोटो. मोठा करून बघा, घाईत नको. गाडी तुमचीच आहे का, रंग, मॉडेल, आरसा, मागचा स्टिकर. नंबरप्लेटचा एकेक आकडा वाचा, ३ आणि ८, ० आणि ६, १ आणि ७ यात गडबड होते, विशेषतः फॅन्सी प्लेट असली किंवा पाऊस असला की. मग तारीख, वेळ आणि ठिकाण. मग कलम कुठलं लावलंय आणि त्या कलमातली गोष्ट फोटोत दिसतेय का. सिग्नल तोडल्याचं चलान असेल तर लाल सिग्नल आणि स्टॉप लाईनच्या पुढे गेलेली गाडी हे कळायला पाहिजे, हेल्मेटचं असेल तर डोकं दिसायला पाहिजे. कॅमेऱ्याच्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ ला १६७अ हा नियम घातला, त्यात हेच आहे, की फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दिसली पाहिजे, तारीख वेळ ठिकाण पाहिजे, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र पाहिजे आणि ते दरवर्षी नवीन करून घ्यायचं, आणि कॅमेरा आहे हे सांगणारा बोर्ड रस्त्यावर पाहिजे. तेव्हा फोटो मागणं किंवा फोटोवर प्रश्न विचारणं यात काही आगाऊपणा नाही, तो आपला हक्क आहे.

फोटोत तुम्हीच आहात, सिग्नल लाल आहे आणि तुम्ही झेब्रा क्रॉसिंगवर उभे आहात, मग भरून टाका. खरंच. समोरचा पण पुढे होता, सगळेच जातात, पोलीस झाडामागे उभा होता, यातलं काहीही कोर्टात चालत नाही आणि चालूही नये, त्या झेब्रावरून म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं जात असतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दर लागू झाले, साधा सिग्नल तोडला किंवा नो पार्किंगला लावली तर पहिल्यांदा ५०० आणि तीच चूक पुन्हा केली तर १,५००, हेल्मेट नसेल तर ५००, आणि कार ठरवून दिलेल्या वेगाच्या वर पळवली तर २,०००. हा जो आपण ऑनलाईन भरतो तो कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली, म्हणजे भरलं की प्रकरण तिथेच मिटतं, कोर्टात जावं लागत नाही.

पण भरण्याआधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. भरलं म्हणजे गुन्हा मान्य केला असाच त्याचा अर्थ धरला जातो, आणि पुढच्या वेळी तीच चूक दुसऱ्यांदा म्हणून मोजली जाऊ शकते. त्यामुळे जे तुम्ही केलंच नाही ते फक्त पाचशेच तर आहेत म्हणून भरू नका. त्यातही हेल्मेट, ट्रिपल सीट असल्या कलमांमध्ये कायद्यात दंडाबरोबर तीन महिने लायसन्स रद्द ठेवायची तरतूद आहे. ज्याचं पोट गाडीवर आहे, डिलिव्हरीवाला, रिक्षावाला, कॅबवाला, त्याने चुकीचं चलान तर अजिबात सोडू नये.

भांडण्यासारखी प्रकरणं कुठली ते सांगतो.

सगळ्यात सरळ म्हणजे नंबर चुकीचा वाचलेला. फोटोत काळी मोटरसायकल आणि तुमच्याकडे पांढरी स्कूटर. यात वाद घालण्यासारखं काही नाहीच, तक्रार टाका, आरसी आणि गाडीचा फोटो जोडा.

त्याहून गंभीर म्हणजे फोटोतला नंबर तुमचाच पण गाडी तुमची नाही, म्हणजे कोणीतरी तुमच्या नंबरची डुप्लिकेट प्लेट लावून फिरतंय. इथे फक्त चलान रद्द करून थांबू नका, पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं किंवा चोरीत वापरली तर पहिले तुमच्या दारात येणार. हे प्रकरण पाचशे रुपयांचं राहतच नाही.

तिसरं, गाडी विकलीय पण नाव अजून तुमचंच. इथे वाईट बातमी आहे. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितलं, तो खटला अपघाताच्या भरपाईचा होता, पण तत्त्व तेच. गाडी विकली की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ त्यासाठीच आहे. विक्रीचा करार, डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याचं आधार असेल तर तक्रार जरूर करा, पण पहिलं काम म्हणजे ट्रान्सफर पूर्ण करून घेणं, नाहीतर हे एक चलान जाईल आणि मागून दहा येतील. एजंट करून देतो म्हणाला यावर विसंबून राहू नका.

चौथं, कागदपत्रांचं. लायसन्स घरी राहिलं आणि विनापरवाना गाडी चालवल्याचं चलान पडलं तर ते ५,००० चं असतं, आणि लायसन्स असणं पण त्यावेळी दाखवता न येणं हा वेगळा आणि बराच छोटा प्रकार आहे. कलम बघा. आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवरची कॉपी नियमाप्रमाणे चालते, प्रिंट पाहिजेच असं नाही. इन्शुरन्सचंही तेच, पॉलिसी चालू होती पण सिस्टीममध्ये दिसली नाही असं होतं, अशा वेळी पॉलिसीवरची सुरू होण्याची तारीख आणि वेळ चलानाच्या वेळेच्या आधीची आहे ना ते बघून मगच तक्रार करा, कारण चलान पडल्यावर संध्याकाळी काढलेली पॉलिसी कामाची नाही.

ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला स्टॉप लाईन ओलांडली असेल तर ते नक्की लिहा. कायद्यातच ॲम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडला वाट न देणाऱ्याला १०,००० दंड आहे, कलम १९४ई, तेव्हा वाट देणाऱ्यालाच दंड बसणं बरोबर नाही. त्या चौकातलं फुटेज बघावं अशी विनंती करा, डॅशकॅम असेल तर प्रश्नच नाही.

आणि पार्किंग. पुण्यात पी१ पी२ च्या सम-विषम तारखांच्या बोर्डावरून किती वाद होतात ते पुणेकरांना सांगायला नको. बोर्ड झाडाच्या फांदीमागे लपलाय, रंग उडालाय किंवा खांबच वाकलाय, तर त्याच दिवशी जाऊन फोटो काढा, गाडी जिथे होती तिथून बोर्ड दिसतो का हे कळेल असा. आठवड्याने गेलात आणि तोवर फांदी छाटली तर तुमचं म्हणणं कोण ऐकणार.

पोलिसाने रस्त्यात स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान केल्याच्या बऱ्याच तक्रारी होत्या. २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने परिपत्रक काढून खासगी मोबाईल वापरायचा नाही असं सांगितलं. तसा फोटो काढलेला तुम्ही पाहिला असेल तर तक्रारीत लिहा, पण फक्त तेवढ्यावर अवलंबून राहू नका, मूळ गुन्हा घडला नाही हे दाखवता येत असेल तर तो मुद्दा आधी.

पुरावा म्हटलं की लोकांना वाटतं वकीलच लागेल. तसं काही नाही, आपल्या रोजच्या गोष्टीच पुरावा असतात. गाडी त्या वेळी दुसरीकडे होती हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट फार कामाचं, त्यात टोलनाक्याचं नाव आणि वेळ असते. चलान दुपारी साडेबाराचं ठाण्यातलं आणि त्याच वेळी तुमची कार खालापूरच्या टोलवर, मग अजून काय पाहिजे. सोसायटीच्या गेटवरची नोंद, सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, पेट्रोलचं बिल, ऑफिसच्या पार्किंगचं सीसीटीव्ही. यातलं सीसीटीव्ही सगळ्यात आधी जातं, रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवीन रेकॉर्डिंग चढतं, त्यामुळे मेसेज आला त्याच दिवशी वॉचमनला नाहीतर सेक्रेटरीला सांगून क्लिप काढून घ्या.

तक्रार साइटवर किंवा ॲपवर ग्रिव्हन्सचा जो पर्याय असतो तिथून करायची, पैसे लागत नाहीत. मुदत किती दिवसांची लिहिलीय ते आधी वाचा आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. लिहिताना राग बाजूला ठेवा. तुमची सिस्टीमच बोगस आहे, जनतेची लूट चालू आहे, असं लिहिलं तर वाचणारा माणूस पुढे वाचतच नाही, त्याच्यापुढे अशा शेकडो तक्रारी असतात, त्याला एक स्पष्ट कारण आणि एक कागद पाहिजे. असं लिहा:

"चलान क्रमांक अमुक. फोटोत दिसणारी गाडी काळी मोटरसायकल आहे. माझ्या नावावर याच चलानातील नंबरची पांढरी स्कूटर आहे, आरसी व गाडीचा मागून काढलेला फोटो जोडला आहे. फोटोतील नंबरप्लेटवर शेवटून दुसरा आकडा ३ आहे, चलानात तो ८ नोंदला गेला आहे. कृपया तपासून चलान रद्द करावे."

बस एवढंच. मुद्दे दोन असतील तर जोरकस तो आधी. पाठवल्यावर तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर आलं नाही तर ज्या हद्दीतलं चलान आहे त्या वाहतूक शाखेत कागद घेऊन जा, सकाळी जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. आणि तक्रार चालू असताना ते चलान भरू नका, भरलं की तक्रार तिथेच संपते.

तक्रार फेटाळली तर मग खरा हिशोब करायचा. पुढे कोर्ट. न भरलेलं चलान व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाईन चालणाऱ्या, कोर्टात गेलं असेल तर तिथे ऑनलाईन दंड भरायचा किंवा केस लढवायची असे दोन पर्याय येतात, लढवायची म्हटलं की ती त्या हद्दीच्या नेहमीच्या कोर्टात जाते आणि तारखा सुरू होतात. पाचशे रुपयांसाठी दोन दिवसांची रजा, जाण्यायेण्याचा खर्च, वकील केला तर त्याची फी, हे कोणालाच परवडत नाही आणि त्यात कमीपणाही काही नाही. माझं मत विचाराल तर कोर्टात तीनच वेळा जावं, लायसन्स जाणार असेल, डुप्लिकेट प्लेटचं प्रकरण असेल, किंवा रक्कम मोठी आणि पुरावा पक्का असेल. बाकी वेळी तक्रार नीट करा, नाही मानली तर भरा आणि पुढे चला.

काही लोक सांगतात, सहा महिने गप्प बसा, चलान आपोआप मरतं. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची ही मुदत कायद्यात आहे, आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये. पण उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टालाच आहे, आणि सहा महिने झाले म्हणून साइटवरची थकबाकी स्वतःहून पुसली जात नाही. कोर्टात उभं राहून मांडायचा तो मुद्दा आहे, घरी बसून धरायचा भरवसा नाही.

लोकअदालतीचा मेसेज येतो तोही नीट वाचा. बरीच चलानं साचली असतील तर तिथे एकदम मिटवता येतात, पण दरवेळी अर्धी रक्कम माफ होते असं काही नाही, तारीख जवळ आली की सवलतीच्या अफवा फिरतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारून मगच जा. आणि लोकअदालतीत जे ठरतं त्यावर अपील नाही. म्हणून जे चलान तुमचं नाहीच ते तिथे तडजोडीत घालू नका, त्याची तक्रार वेगळी चालू ठेवा.

रस्त्यात अडवून कोणी पाचशेचं दोनशेत मिटवू म्हणालं तर देऊ नका. पैसे द्यायचे तर मशीनवरचं चलान आणि पावती घेऊनच, कार्डने नाहीतर यूपीआयने. जागेवर द्यायचे नसतील तर चलान अनपेड ठेवायला सांगा, घरी येऊन फोटो बघून ठरवता येतं.

भरल्यावर किंवा रद्द झाल्यावर दोनचार दिवसांनी साइटवर परत नंबर टाकून बघा, पेंडिंगमधून गेलंय ना. पैसे खात्यातून कटलेले आणि चलान तसंच, असं होतं. ट्रान्झॅक्शन आयडी, पावतीची पीडीएफ आणि रद्द झाल्याचा मेसेज आरसीच्या कॉपीसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, गाडी विकताना घेणारा पहिलं चलानच चेक करतो.