कोल्हापुरात हॉटेलला सिक्युरिटीची नोकरी धरताय? मग आधी हे वाचा

गावाकडनं सारखा कुणाचा ना कुणाचा फोन येतो, पोराला तुमच्या हॉटेलात सिक्युरिटीला लावता का म्हणून. भरतीसाठी पळून पळून पोराचं वय निघून गेलेलं असतं, शेत दीड एकर आणि त्यात वाटणीला दोन भाऊ, मग शेवटी कोल्हापूर गाठायचं. मी बरीच वर्षं ह्याच लाइनला आहे, आधी गेटवर होतो, आता सुपरवायझर आहे, त्यामुळं प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतोय. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी कुठल्याही बाजूनं येणार असाल तरी उपयोगी पडेल.

आधी कागदाचं बघा, कारण फसवणूक तिथंच होते. एजन्सीकडं लायसन पाहिजे. २००५ सालचा खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदा आहे, लाइनमध्ये सगळे त्याला ‘पसारा’ म्हणतात. त्यात वय १८ ते ६५ सांगितलंय, पुरुषांना उंची १६० सेंटिमीटर आणि बायकांना १५०, पोलीस व्हेरिफिकेशन पाहिजे, आणि ट्रेनिंग १६० तासांचं, त्यातले १०० तास वर्गात आणि ६० तास फील्डवर. मिलिटरीतनं किंवा पोलिसातनं रिटायर झालेल्यांना ट्रेनिंग कमी आहे. आता खरं सांगायचं तर कितीतरी ठिकाणी सकाळी पोरगा भेटायला येतो आणि संध्याकाळी त्याला ढगळा शर्ट, टोपी आणि शिट्टी देऊन गेटवर उभा करतात. तसं झालं तर ओळखा की एजन्सीला तुमची किंमत नाही आणि उद्या काही घडलं तर ती तुमच्या मागं उभी राहणार नाही. शर्टाचे, बुटाचे पैसे पगारातनं कापणार का हे पहिल्याच दिवशी विचारा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा लागू होतो, तुमच्याकडनं पाऊण टक्का आणि मालकाकडनं सव्वातीन टक्के, कार्ड मागून घ्या, घरातलं कुणी आजारी पडलं की त्या कार्डाची किंमत कळते. पीएफचा यूएएन नंबर स्वतःच्या मोबाईलला जोडून घ्या आणि दर महिन्याला पैसे पडतायत का बघा, पावतीवर कापलेले दिसतात आणि खात्यात काहीच नाही अशी पोरं माझ्याकडं आलेली आहेत. ड्युटी बारा तासांची हे सगळीकडं गृहीतच धरलेलं असतं, पण जादा तासाला दुप्पट दर हा कायदा आहे, मेहेरबानी नव्हे.

आता काम नेमकं काय असतं. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं गेटवर उभं राहायचं आणि सलाम ठोकायचा. दिवसा बऱ्यापैकी तसंच असतं, गाड्या लावून घेणं, बुकिंग नसलेल्याला रिसेप्शन दाखवणं, लग्नसराईत हॉलच्या पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर येऊ न देणं. खरी नोकरी रात्री अकरानंतर सुरू होते. बारमधनं निघालेला माणूस गाडीची चावी मागतो, तुम्ही देत नाही, तो तुमची आई-बहीण काढतो. अशा वेळी हात उचलायचा नाही, आवाजही चढवायचा नाही, त्याच्याबरोबरच्या शुद्धीवर असलेल्या माणसाला धरून बोलायचं, त्याच्यासाठी रिक्षा बोलवायची. तालमीत दंड काढलेली पोरं इथं अडखळतात, अंगात ताकद आहे आणि ती वापरायची नाही हे त्यांना जड जातं. पण ह्या कामात सगळ्यात जास्त लागतं ते तोंड आणि दम धरायची ताकद.

राउंडला निघालात की जिन्यातनं जा, लिफ्टनं नको. जिन्यात गाद्या, पाण्याचे बॉक्स, मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात, इमर्जन्सीच्या दाराला कडी-कुलूप असतं कारण मॅनेजरला वाटतं पाहुणा बिल न देता पळून जाईल. हे रजिस्टरला लिहायचं, तारीख-वेळ टाकून, आणि मॅनेजरची सही घ्यायची, कितीही नाक मुरडलं तरी. आग विझवायच्या लाल सिलिंडरची पिन कशी ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, वर ज्वाळेवर नाही, इलेक्ट्रिकच्या पॅनेलवर पाणी मारायचं नाही तर सीओटू गॅसचा सिलिंडर मारायचा, हे ट्रेनिंगमध्ये कुणी दाखवलं नसेल तर स्वतःहून शिकून घ्या. महाराष्ट्राचा २००६ चा आगीचा कायदा आहे, त्याप्रमाणं जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्या तपासणीला जो माणूस येतो त्याच्या मागं मागं फिरा आणि विचारा, तो सांगतो सगळं.

आणि कोल्हापूर म्हटलं की पाणी आलंच. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कितीतरी दिवस रस्ता बंद राहिला, २०२१ ला परत तेच. शाहूपुरी-व्हीनस कॉर्नरकडच्या सखल भागात हॉटेल असेल तर बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी कुठनं शिरतं, मेन स्विच कुठंय, पंप कोण चालू करणार, हे जूनच्या आधी माहीत पाहिजे. मी तर म्हणतो पुराच्या रात्री बेसमेंटमधनं गाड्या आणि गाडीत झोपलेले ड्रायव्हर बाहेर काढणारा माणूस हाच खरा सिक्युरिटी.

तुमचा अधिकार किती हेही नीट समजून घ्या. युनिफॉर्म घातला म्हणून तुम्ही पोलीस होत नाही. बायकांची बॅग-झडती बाईनंच घ्यायची. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी गंभीर, म्हणजे दखलपात्र आणि अजामिनपात्र गुन्हा केला तरच सामान्य माणूस म्हणून तुम्ही त्याला धरू शकता, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या बीएनएसएस कायद्याच्या कलम ४० प्रमाणं सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. मारायचं नाही, कोंडून ठेवायचं नाही, बाकी सगळ्याला ११२ ला फोन. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म २४ तासांत भरायचा असतो, ते काम रिसेप्शनचं, पण रात्री रिसेप्शनचा पोरगा झोपेत असला तर तुम्ही त्याला उठवून आठवण करायची. आणि सज्ञान पोरगा-पोरगी आधार कार्ड घेऊन खोली मागायला आले तर त्यांना लग्नाचा दाखला विचारायचा अधिकार तुम्हाला नाही, बिनलग्नाच्या जोडप्यानं हॉटेलात राहू नये असा कुठलाही कायदा नाही. त्यांचं नाव-गाव बाहेर कुणाला सांगणं तर लांबच. चहाच्या टपरीवर चौकशी करणारे भेटतात, पैसे पण देऊ करतात. त्या पोरीच्या जिवाशी खेळ होऊ शकतो हे डोक्यात ठेवा.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, हॉटेलला गार्ड खरंच लागतो का. माझं मत, मोठ्याला लागतो, हॉल आणि बार असेल तर लागतोच, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गाव लोटतं तेव्हा तर लागतोच लागतो. दहा-बारा खोल्यांच्या लॉजला रात्री जागा राहणारा एक शहाणा मॅनेजर पुरतो. पूर्वी स्टँडजवळच्या लॉजचा मालक स्वतः गल्ल्यावर बसायचा, येणारा निपाणीचा का सोलापूरचा, कुणाकडं आलाय, सगळं दोन वाक्यांत काढून घ्यायचा. आता मालक पुण्यात, बुकिंग ॲपवर, पाहुणा कोण ते कुणालाच माहीत नाही, मग ओळखीची जागा गार्डनं भरायची. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत ताज आणि ओबेरॉयवर हल्ला झाला, त्यानंतर गाडीखाली आरसा फिरवणं, मेटल डिटेक्टर हे मोठ्या हॉटेलात आलं आणि हळूहळू आपल्याकडं पण आलं. भीती खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण त्या भीतीच्या आडून गेटवर दुसरंच काम सुरू झालं, ते म्हणजे कपडे बघून माणूस आत सोडायचा की नाही हे ठरवणं. चारचाकीतनं उतरलेल्याला सलाम, धोतर-पटक्यातल्या म्हाताऱ्याला ‘काय पायजे?’. ऊसतोड करणारं कुटुंब जवळ पैसे असून जेवायला आलं तर त्यांना पार्सल काउंटर दाखवा, असं मला एका मॅनेजरनं तोंडी सांगितलं होतं. मी म्हटलं लेखी द्या. त्यांनी दिलं नाही, आणि ते कुटुंब आत बसून जेवलं.

हे मी कोल्हापुरात बसून लिहितोय म्हणून जास्त लागतं. आपल्या ह्याच गावात गंगाराम कांबळे नावाच्या माणसाला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारलं होतं, आणि शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचं हॉटेल काढायला मदत केली, भाऊसिंगजी रोडला, ‘सत्यसुधारक’. लोक तिथला चहा घेईनात तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. पुढं राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं आणि हॉटेलं नाव घेऊन लिहिली आहेत, धर्म, जात, लिंग, जन्मस्थान ह्यावरनं कुणाला अडवायचं नाही म्हणून. गेटवर कुणाला आत सोडायचं हा प्रश्न आपल्या गावानं एवढा गांभीर्यानं घेतलाय, आणि आज तो प्रश्न बारा तास उभ्या असलेल्या, स्वतः गरीब घरातल्या पोरावर सोडून दिलाय. आत जाऊन जेवायचं म्हटलं तर त्याच पोराच्या दोन दिवसांच्या पगारात एक ताट येतं. बाहेरगावच्या गाड्यांचे ड्रायव्हर बघा, मालक एसी खोलीत आणि हा सीट मागं करून डास मारत झोपलेला, त्याला संडास-बाथरूम कुठलं वापरायचं हे पण आपल्यालाच विचारावं लागतं. मी माझ्या पोरांना सांगून ठेवलंय, त्याला स्टाफचं बाथरूम दाखवायचं आणि पाण्याची बाटली द्यायची, मॅनेजर बोलला तर माझं नाव सांगा.

उभं राहण्याचं दुखणं पण खरं आहे. पायाच्या शिरा फुगतात, टाचा धरतात, चाळिशीत गुडघे जातात. केरळनं २०१८ ला आणि तमिळनाडूनं २०२१ ला कायद्यात बदल करून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला. आपल्याकडं खुर्ची मागितली की पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणतात. मागत राहा. बुटाला पैसे घाला, आतली गादी जाड घ्या, एका पायावर भार देऊन उभं राहायची सवय लावू नका.

मुलींनीही ह्या लाइनला यावं, जागा आहेत आणि गरज पण आहे. रात्री साडेनऊनंतर ड्युटी लावायची असेल तर तुमची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय मालकानं करायची असते, हे आधी ठरवून घ्या.

नवरात्राच्या आधी महिनाभर जागा निघतात, मग लग्नसराईला. आधार, पासबुक, फोटो, शाळेचा दाखला घेऊन या, व्हेरिफिकेशनचा अर्ज आधीच टाकून ठेवा. एजन्सीत बसलात की लायसनचा नंबर, पगाराची तारीख, जादा तासाचा दर विचारा. साइटवर गेलात की मॅनेजरला विचारा, इमर्जन्सीच्या दाराची किल्ली कुणाकडं असते, रात्री खुर्ची मिळणार का, आणि गेटवरनं कुणाला परत पाठवायचं असेल तर कारण रजिस्टरला लिहिलं तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला जो सरळ हो म्हणतो त्याच्याकडं पगार पाचशे रुपये कमी असला तरी जा.