महाभियोगावर लिहिता-बोलताना या चुका टाळा

गोव्यात सरपंचावरच्या अविश्वास ठरावाचं आता कोणाला नवल वाटत नाही. पंच फुटले, नोटीस गेली, बैठक लागली, सरपंच घरी. हे सतत कानावर पडत असल्यामुळे असेल, पण वक्तृत्व स्पर्धेत किंवा लोकसेवा आयोगाच्या तयारीत राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाचा, म्हणजे त्यांना पदावरून हटवण्यासाठीच्या कारवाईचा, विषय निघाला की आपली मुलं पंचायतीचाच हिशेब तिकडे लावतात. घोळ तिथेच होतो.

सरपंचाला उतरवायला पंचांचं बहुमत जमलं की काम झालं. राष्ट्रपतींना मात्र एकाच कारणावरून हटवता येतं: घटनेचा भंग (अनुच्छेद ६१). 'संसदेचा विश्वास गमावल्यामुळे महाभियोग' असं लिहिलंत की उत्तर चुकलंच. घटनेचा भंग म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या घटनेत दिलेली नाही. तेव्हा भ्रष्टाचार, गैरवर्तन अशी आपल्या पदरची यादी जोडू नका.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो आकड्यांत. 'दोन तृतीयांश' सगळ्यांना पाठ असतं, पण कशाचे? हजर राहून मतदान करणाऱ्यांचे नव्हे, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे. लोकसभेत ५४३ जागा. समजा, त्या दिवशी ४०० खासदारच आले. त्यांचे दोन तृतीयांश २६७ होतात, ठरावाला मात्र ३६२ मतं लागतात. म्हणजे घरी बसलेला खासदारही राष्ट्रपतींच्याच उपयोगी पडतो! राज्यसभेत हाच आकडा २४५ पैकी १६४. त्याआधी १४ दिवसांची लेखी नोटीस हवी, तिच्यावर किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या हव्यात, लोकसभेत १३६. सुरुवात कुठल्याही सभागृहात होऊ शकते. एकानं आरोप ठेवायचा, दुसऱ्यानं चौकशी करायची किंवा करवून घ्यायची, आणि बहुमत दोन्हीकडे तेवढंच. संयुक्त बैठकीचा इथे काही संबंध नाही.

आता आपले ४० आमदार. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत गोव्याच्या आमदाराच्या मताचं मूल्य २०, सगळ्यांचं मिळून ८००. महाभियोगात शून्य. पर्वरीच्या विधानसभेला कोणी विचारणार नाही. गोव्याची मतं म्हणजे लोकसभेतले दोन खासदार आणि राज्यसभेतला एक. उलट नामनियुक्त खासदारांना निवडणुकीत मत नाही, महाभियोगात आहे. परीक्षेत फसवायला हा प्रश्न झकास आहे.

दोनापावलाला राहणाऱ्या राज्यपालांवर महाभियोग होत नाही. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत ते पदावर, बस्स.

परदेशी उदाहरणं देताना महाभियोग झाला म्हणजे खुर्ची गेली, असं धरून चालू नका. अमेरिकेत क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये आणि ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहानं महाभियोग आणला, पण सिनेटनं दोघांनाही निर्दोष सोडलं. निक्सन यांना महाभियोगानं काढलं, असं तर छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यांनी १९७४ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या मतदानाआधीच राजीनामा दिला होता. पद खरोखर गेल्याचं उदाहरण हवं असेल तर ब्राझीलच्या दिल्मा रूसेफ (२०१६) किंवा दक्षिण कोरियाचे यून सुक योल (२०२५) घ्या. कोरियात शेवटचा शब्द घटना न्यायालयाचा असतो आणि संसदेत ठराव होताच अध्यक्षांचे अधिकार थांबतात. आपल्याकडे दुसऱ्या सभागृहाचा ठराव होईपर्यंत राष्ट्रपती पदावरच राहतात.

भारतातलं उदाहरण शोधत बसू नका, एकाही राष्ट्रपतीला असं हटवलेलं नाही. कोणी २०११ चं सौमित्र सेन यांचं प्रकरण पुढे केलं, तर ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. राज्यसभेनं ठराव केला आणि लोकसभेची पाळी येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशांच्या बाबतीत बहुमत मोजायची रीतही वेगळी आहे.