कोरियात शिकायला जाताय? पहिल्या सहा महिन्यांतल्या या चुका टाळा

दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्ट जवळ आला की मला ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. कुणाची भाची, कुणाचा धाकटा दीर कोरियाला निघालेला असतो. लोणच्याच्या बरण्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून झालेल्या असतात आणि प्रश्न येतो, "ताई, थंडीचे कपडे किती घेऊ?" कपडे तिथे चांगले मिळतात. मी उलट विचारते, "पासपोर्टवर तुझं नाव नेमकं कसं लिहिलंय ते वाचून दाखव बघू." समोरचं माणूस गोंधळतं. पण सोलमध्ये दोन वर्षं शिकताना मी ज्या अडचणींत सापडले आणि मागून आलेल्या मुलांना ज्यांतून बाहेर काढलं, त्यांतल्या निम्म्या अडचणी त्या एका ओळीपाशी सुरू झाल्या होत्या.

नाव सगळीकडे एकसारखं नसणं

आपलं नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. पासपोर्टात बहुतेकांची पहिली दोन नावं एका रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. कोरियात पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत इमिग्रेशन ऑफिसात नोंदणी करून रेसिडेन्स कार्ड काढावं लागतं. त्या कार्डावर आधी आडनाव आणि मग बाकीचं, सगळं कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं. इथून पुढे तुमचं नाव म्हणजे तेच, मधल्या मोकळ्या जागांसकट.

हे इतकं महत्त्वाचं का, तर तिथे कुठलीही गोष्ट ऑनलाइन करायला गेलं की 'बोनिन इनजुंग' आडवं येतं. म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात याची पडताळणी. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर टाकायचा. मोबाइल कंपनीच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळलं तरच ओटीपी येतो. माझ्या बाबतीत बँकेतल्या बाईंनी रकाना पुरला नाही म्हणून वडिलांचं नाव गाळलं आणि मोबाइलच्या दुकानदाराने तिन्ही नावं सलग जोडून टाकली. तीन आठवडे मला ना काही मागवता आलं, ना बँकेचं अ‍ॅप धड चालू करता आलं. शेवटी एका रात्री कार्ड, पासबुक आणि मोबाइलचा करार टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा दिसलं की तीन कागदांवर मी तीन वेगळ्या बायका होते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कार्ड, मग मोबाइल, मग बँक. विमानतळावर पासपोर्ट दाखवून घेतलेलं सिम बोलायला आणि नेटला चालतं, पण पडताळणीसाठी चालत नाही. कार्ड हातात आलं की कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन ते सिम कार्डाच्या क्रमांकावर नोंदवून घ्या. समोरच्याने नाव टाइप केलं की स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा. त्यात संकोच करू नका, ते लोक आनंदाने दाखवतात. एवढं करूनही पडताळणी अडलीच, तर त्याच नावाच्या मधल्या मोकळ्या जागा काढून एकदा आणि ठेवून एकदा, असं दोन्ही करून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

कार्डाची अपॉइंटमेंट हायकोरिया या सरकारी संकेतस्थळावर घ्यावी लागते. सेमिस्टर मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात, त्यामुळे त्या दिवसांत तारखा पटापट संपतात. ९० दिवस खूप वाटतात, पण पहिल्याच आठवड्यात तारीख धरा. विद्यापीठ सगळ्यांचे अर्ज एकत्र पाठवणार असेल तर त्या यादीत नाव घाला. नंतर खोली बदललीत तर नवा पत्ता १५ दिवसांच्या आत कळवायचा असतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

'दोनच दिवस तर काम केलं'

विद्यार्थी व्हिसावर पार्टटाइम काम करायला आधी इमिग्रेशनची परवानगी लागते. विद्यापीठाची सही, कोरियन भाषेची पातळी, तासांची मर्यादा, सगळं त्यात येतं. ओळखीच्या हॉटेलात शनिवारी-रविवारी भांडी घासली, रोख पैसे घेतले, कुणाला कळणार, असं सांगणारे भेटतात. कळतं. दंड होतो आणि व्हिसा वाढवताना ते पुढ्यात येऊन उभं राहतं. परवानगीचा अर्ज फार किचकट नाही, तो करा. आरोग्य विम्याचंही तसंच. मार्च २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे, दर महिन्याला बिल येतं. ते कोरियन भाषेतलं पत्र जाहिरात समजून टाकून देऊ नका. थकबाकी राहिली तर व्हिसा वाढवताना अडचण येते.

चहाचा चोथा ओल्या कचऱ्यात

माझ्या घरमालकीणबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे 'आजुम्मा' म्हणायचो, एका सकाळी माझी कचऱ्याची पिशवी उचलून माझ्याच दाराशी आणून ठेवली. उघडून एकेक वस्तू बोटाने दाखवली: चहाचा चोथा, कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं. हे इथे नको, तिकडे. माझ्या दृष्टीने हा सगळा ओला कचरा, आई तेच झाडांना घालते. कोरियात नियम वेगळा आहे. खरकटं गोळा करून त्यातून जनावरांचं खाद्य आणि खत करतात, म्हणून जनावराला जे खाता येणार नाही ते खरकट्यात जात नाही. हाडं, शिंपले, टरफलं, कांदा-लसणाची सालं, चहाचा चोथा, आंब्याची कोय हे सगळं साध्या कचऱ्यात. भात, भाजी, फळांची मऊ सालं खरकट्यात, तीही पाणी निथळून.

साधा कचरा वाटेल त्या पिशवीत टाकता येत नाही. 'जोंगन्यांगजे बोंगथू' नावाच्या सरकारी पिशव्या दुकानात विकत घ्याव्या लागतात. पिशवीच्या किमतीतच कचरा उचलण्याचे पैसे आले. १९९५ पासून देशभर हीच पद्धत आहे. पिशवीवर त्या भागाचं, म्हणजे 'गू'चं, नाव छापलेलं असतं. एका गूमधून दुसऱ्या गूमध्ये राहायला गेलात तर आधी तिथल्या नियमाची चौकशी करा. पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं लेबल सोलून, चेपून वेगळ्या ठेवायच्या. पहिले पंधरा दिवस डोकं फिरतं, मग हात आपोआप वळतो.

थंडीत हीटर बंद, कुलपाची धून दुर्लक्षित

कोरियातली घरं जमिनीखालून गरम होतात. त्याला ओंडोल म्हणतात, हल्ली पाण्याचे पाइप आणि बॉयलर असतो. बिल वाचवायला मुलं चार दिवस बाहेरगावी जाताना बॉयलर पार बंद करतात. जानेवारीत सोलचं तापमान उणे १० च्याही खाली जातं, पाइप गोठतो आणि दुरुस्तीचा खर्च गळ्यात पडतो. बॉयलरच्या पॅनलवर 'वेचुल' असं बटण असतं, म्हणजे 'बाहेर गेलोय'. ते लावा, आणि कडाक्याची थंडी असेल तर गरम पाण्याचा नळ अगदी धार धरेल इतका सोडून ठेवा.

दुसरी गंमत दाराच्या कुलपाची. बहुतेक खोल्यांना आकडे दाबून उघडायचं डिजिटल कुलूप असतं. बॅटरी संपत आली की दार उघडताना ते वेगळी धून वाजवतं. महिनाभर छान वाजतंय म्हणून ऐकत राहिलेली माझी मैत्रीण रात्री साडेअकराला बाहेर अडकली. उपाय सोपा आहे: कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणा, कुलपाच्या बाहेरच्या बाजूला दोन धातूचे ठिपके असतात त्यांना ती टेकवून धरा आणि तशीच धरून आकडे दाबा. दार उघडतं. मग आतल्या बॅटऱ्या लगेच बदला.

'गोगी नको' म्हटलं म्हणजे शाकाहारी मिळालं

'गोगी' म्हणजे मांस. 'गोगी पे जुसेयो' म्हटलं की मांसाचे तुकडे वगळतात, पण सुकटीचं पाणी, हॅम, माशाचे काप राहतात, कारण समोरच्याच्या मनात ते 'गोगी'त मोडत नाहीत. ती माणसं फसवत नाहीत, शब्दाचा अर्थच तेवढा आहे. किंबापच्या गुंडाळीत हॅम आणि खेकड्याच्या चवीच्या माशाच्या काड्या असतात. तोकबोकीच्या, म्हणजे तांदळाच्या तिखट वड्यांच्या, रश्श्यात सुकी मासळी उकळलेली असते. साध्या किमचीतसुद्धा मिठात मुरवलेली कोळंबी असते. बिबिंबाप म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, त्यावरच्या तिखटात कधी कधी खिमा परतलेला असतो. म्हणून एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारा: हॅम? मासा? कोळंबी? फोनमध्ये ही यादी कोरियनमध्ये लिहून ठेवली तर गर्दीच्या वेळी बरं पडतं.

उन्हाळ्यात मिळणारं कोंगगुक्सू, म्हणजे सोयाबीनच्या थंडगार दुधातल्या शेवया, हे माझं आवडतं. आणि मंदिरातलं जेवण जरूर शोधा. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो. आपल्याकडच्या जैन मुलांना मी आधी तेच सांगते. डाळी, आटा, हळद-तिखट सोलच्या इतेवॉन भागातल्या मोठ्या मशिदीच्या आसपासच्या दुकानांत मिळतं. बॅगेत जागा गोड्या मसाल्याला ठेवा, तो तिथे मिळत नाही.

बस, मेट्रो आणि नकाशा

टी-मनी हे प्रवासाचं कार्ड बसमध्ये चढताना लावतो तसं उतरतानाही लावायचं. न लावल्यास पुढच्या गाडीत बदलीची सवलत मिळत नाही. सवलतीसाठी साधारण ३० मिनिटांत पुढची गाडी पकडावी लागते आणि कार्ड तेच हवं. मेट्रोत चुकीच्या दिशेच्या फलाटावर उतरलात तर घाबरू नका, सोलच्या १ ते ९ क्रमांकाच्या मार्गांवर १५ मिनिटांत बाहेर पडून त्याच स्टेशनात परत शिरलं तर पुन्हा भाडं पडत नाही. रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. गूगलच्या नकाशावर विसंबून तिथे चालत जाणाऱ्याची फार वणवण होते. भेटायचं ठरवताना स्टेशनसोबत एक्झिटचा क्रमांक विचारा, नाहीतर एकाच स्टेशनात दोघं अर्धा तास एकमेकांना शोधत बसता.

फिरायचं 'नंतर बघू' म्हणणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. दोन वर्षं राहून ग्योंगजू, म्हणजे प्राचीन सिल्ला राज्याची राजधानी, न बघता परतलेली मुलं मी पाहिली आहेत. वसंतात चेरी फुलतात तेव्हाच सहामाही परीक्षा येते. कोरियन विद्यार्थ्यांत म्हणच आहे की चेरीच्या फुलाचा अर्थ 'सहामाही'. म्हणून परीक्षा संपल्यावर जाऊ म्हणाल तर झाडं हिरवी झालेली असतात. मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला एक शनिवार राखून ठेवा.

सोलमध्ये पहिली फजिती वारांची होते. ग्योंगबोकगुंग हा १३९५ सालचा राजवाडा मंगळवारी बंद असतो, चांगदोकगुंग सोमवारी. चांगदोकगुंगच्या मागची जुनी बाग वेगळ्या तिकिटावर आणि ठरावीक वेळेलाच बघता येते, ते तिकीट आधी काढा. कोरियन पोशाख, हानबोक, भाड्याने घेऊन घातला तर राजवाड्यांत तिकीट लागत नाही. बुकचॉनच्या जुन्या कौलारू घरांच्या गल्लीत संध्याकाळी फोटो काढायला जाऊ नका. तिथे लोक राहतात, आणि मार्च २०२५ पासून संध्याकाळी ५ ते सकाळी १० या वेळात मुख्य गल्लीत फिरणाऱ्या पर्यटकांना १ लाख वॉन दंड आहे.

ग्योंगजू एका दिवसात उरकायचा बेत करू नका. वेगवान केटीएक्स गाडीने दोन-सव्वादोन तासांत पोचता, पण ते स्टेशन गावाबाहेर आहे, पुढे बसने जावं लागतं. वेळ असेल तर सोलहून थेट एक्सप्रेस बस घ्या, ती गावात सोडते आणि तिथून सिल्ला राजांच्या गवताळ टेकड्यांसारख्या समाध्या चालत गाठता येतात. बुल्गुक्सा मंदिर आणि वर डोंगरातली सोकगुराम गुहा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. वेरूळ पाहिलेल्या माणसाने सोकगुराम बघावीच. आपल्याकडे डोंगर आतून कोरला, इथे आठव्या शतकात ग्रॅनाइटचे चिरे रचून गुहाच बांधली. आतली बुद्धमूर्ती काचेपलीकडून बघायची असते, फोटो काढू देत नाहीत. मी तिथे वीस मिनिटं नुसती उभी होते.

आणि चुसोक. हा सण आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो, बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास. २०२५ मध्ये तो कोजागिरीच्याच दिवशी आला. लोक गावी जाऊन पितरांना नैवेद्य दाखवतात. आपल्याकडेही तेव्हा पितृपक्ष तोंडावर आलेला असतो, हे मी वर्गातल्या मुलींना सांगितलं तेव्हा त्या चकित झाल्या. त्या दिवसांत रेल्वेची तिकिटं आठवडेच्या आठवडे आधी संपलेली असतात, मेस आणि छोटी हॉटेलं बंद असतात. सोलबाहेर जायचा बेत त्या आठवड्यात करू नका. राजवाडे मात्र उघडे असतात, तेही फुकट. मी पहिल्या वर्षी दिवसभर ग्योंगबोकगुंगच्या तळ्याकाठी बसले, संध्याकाळी रिकाम्या हॉस्टेलवर परतले आणि आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या अंड्यांची भुर्जी करून भाताबरोबर खाल्ली.