गिअर खडखडतोय? आधी वायरीचं आउटर तपासा

रोड सायकलचा गिअर टाकल्यावर चेन लगेच बसत नाही, दोन पेडल मारल्यावर धाडकन उडी मारते. सोलापुरात उन्हाळ्यात तुळजापूर रोडला रोज जाणाऱ्यांच्या सायकलला हे हमखास होतं, कारण धूळ वायरीच्या आउटरमध्ये, म्हणजे वायरीवरच्या नळीत, शिरते. अनेकजण थेट डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवायला घेतात. तसं करू नका.

१. चेन मागच्या चाकावरच्या सर्वात मोठ्या चकतीवर न्या. मग पेडल न मारता गिअरचा लिव्हर सर्वात लहान चकतीपर्यंत दाबत जा. वायर सैल पडेल.

२. फ्रेमच्या खाचेतून आउटर काढून बाजूला सरकवा. आत दडलेली वायर दिसेल. माझ्या सायकलला तिथे विटकरी रंगाची चिकट माती होती. कोरड्या फडक्याने पुसा, थेंबभर पातळ तेल लावा. वायरीचा एखादा पदर तुटलेला दिसला तर वायर बदलाच.

३. सगळं परत बसवा. मोठ्या चकतीवर चेन चढायला कुरकुरत असेल, तर डिरेलरजवळचा गोल अ‍ॅडजस्टर मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. लहान चकतीवर उतरायला अडत असेल तर उलटं करा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पेडल मारून बघा.

सायकल उजव्या बाजूला पडली असेल, तर डिरेलर धरणारा हँगर वाकलेला असू शकतो. तेव्हा मोठ्या चकतीवर गिअर टाकूच नका, डिरेलर चाकाच्या तारांत अडकू शकतो. मेकॅनिककडून हँगर सरळ करून घ्या.