कस्टमच्या कागदपत्रांचा खर्च बुकिंगआधी कसा काढावा

परदेशातून माल मागवताना बहुतेक जण भाडं आणि ड्यूटी (आयातीवरचा सरकारी कर) एवढाच हिशेब मांडतात. माल बंदरात उतरला की कस्टमचं काम करणाऱ्या एजंटचं बिल येतं आणि त्यात चार-पाच अनोळखी रकमा दिसतात. त्यातल्या बहुतेक आधी विचारून घेता येतात.

१. आधी सौद्याची अट पाहा. कोणता खर्च विक्रेत्याचा आणि कोणता खरेदीदाराचा, हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे इनकोटर्म्स २०२० मध्ये, ११ अटी आहेत. ईएक्सडब्ल्यू (विक्रेत्याच्या दारातूनच माल उचलायचा) असेल तर निर्यातीची कागदपत्रंही खरेदीदाराच्याच गळ्यात पडतात. डीडीपी असेल तर आयातीचं क्लिअरन्स (कस्टममधून माल सोडवणं) आणि ड्यूटी विक्रेत्याकडे. सीआयएफ म्हणजे सगळं आलं, असं समजू नका. त्यात भाडं आणि विमा येतो, आयातीचं क्लिअरन्स येत नाही.

२. एकगठ्ठा आकडा घेऊ नका. क्लिअरन्स फी, बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची) फी, डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात द्यायचा जहाज कंपनीचा आदेश), माल उघडून तपासला तर त्याचा खर्च: प्रत्येकाची रक्कम कोटेशनमध्ये वेगळी लिहून मागा. एजंट तुमच्या वतीने ड्यूटी भरणार असेल, तर त्या रकमेवर तो वेगळी टक्केवारी लावतो का, हे नक्की विचारा. ड्यूटी थेट स्वतः भरायची सोय असेल तर ती टक्केवारी वाचते. सरकारी शुल्क आणि एजंटची फी कधीही एकाच ओळीत मान्य करू नका. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या आठव्या कलमानुसार ड्यूटी आणि कर सोडून आयातीवरचं बाकीचं सरकारी शुल्क साधारण सेवेच्या खर्चाइतकंच असावं लागतं. एजंटच्या फीला हे कलम लागू नाही, तिथे घासाघीस करायला वाव असतो.

३. एचएस कोड, म्हणजे ड्यूटी ठरवण्यासाठी वापरला जाणारा वस्तूचा वर्गीकरण क्रमांक, स्वतः तपासा. पहिले ६ अंक जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात. काही एजंट कस्टमच्या अर्जातल्या ठरावीक ओळींनंतर प्रत्येक जादा ओळीचे पैसे घेतात. समजा, इन्व्हॉइसवर २३ वस्तू आहेत, पण त्यांचे पूर्ण कोड मिळून चारच. माल एकाच देशात बनलेला असेल तर एका कोडच्या वस्तू एका ओळीत घेता येतील का, हे आधीच विचारा. खर्च बराच कमी होऊ शकतो. मात्र ओळी वाचवण्यासाठी चुकीचा कोड लावू नका, त्यातून दंड ओढवतो.

४. जहाज सुटण्याआधी कागद जुळवा. इथे बरेच पैसे वाया जाऊ शकतात, म्हणून या पायरीला वेळ द्या. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट शेजारी-शेजारी ठेवा. नाव, पत्ता, नगांची संख्या, एकूण वजन यांवर बोट ठेवून वाचा. पॅकिंग लिस्टवर १,२४० किलो आणि ड्राफ्टवर १,२०४ किलो, असे अंक उलटलेले सहज नजरेतून सुटतात. ड्राफ्टमध्ये दुरुस्ती सहसा फुकट होते. अंतिम बिल ऑफ लेडिंग निघाल्यावर तीच दुरुस्ती केली की फी लागते, माल अडकून पडतो आणि बंदरात माल ठेवायचे मोफत दिवस संपले की डिमरेज (उशिराचं भाडं) सुरू होतं.

५. एजंटचं बिल आल्यावर कोटेशनशी ताडून पाहा. ड्यूटीची सरकारी पावती मागा. कोटेशनमध्ये नसलेल्या रकमेचं कारण लेखी मिळेपर्यंत तेवढी रक्कम मान्य करू नका; बाकीची वेळेवर भरा, नाहीतर माल सुटायला उशीर होईल.