दिव्यांग मुलाच्या सांभाळासाठी पैसे ठेवताय? या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू झालं. पुढे आईने डोंबिवलीची जागा विकली आणि आलेले 40 लाख भावाच्या नावावर एफडीत टाकायचं ठरवलं. आपल्यामागे भावाला सांभाळणाऱ्या दोन पाळ्यांच्या बायांचा पगार व्याजातून सुटावा, एवढीच तिची इच्छा. फॉर्म भरूनही झाला होता. तेवढ्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले एक काका आले, तेही रेल्वेतूनच निवृत्त. फॉर्म बघून म्हणाले, "वहिनी, पोराचं पेन्शन घालवायचंय का?"

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: सांभाळाचा पैसा थेट दिव्यांग व्यक्तीच्या नावावर ठेवणं.

केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला आईवडिलांमागे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकतं, पण त्याला उत्पन्नाची अट आहे. 2021 पासूनचा नियम असा की त्याचं इतर सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न हे त्याला मिळू शकणाऱ्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा, कमी हवं. वडिलांचा शेवटचा मूळ पगार 40,000 धरा. 30 टक्के झाले 12,000. महागाई भत्ता 50 टक्के धरला तर मर्यादा येते 18,000. आता 40 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 2,80,000 व्याज, म्हणजे महिन्याला 23,333. हे व्याज भावाचं उत्पन्न ठरतं आणि तो अटीबाहेर जातो. त्यातला पैसा न् पैसा बाईच्या पगारात जातो, हे सांगून उपयोग नाही. उत्पन्न बघताना खर्च कशावर झाला ते बघत नाहीत.

सीएचा सल्ला इथे घोळ करतो. मूल 18 च्या आतलं असेल तर त्याचं उत्पन्न एरवी आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात. आयकर कायद्यानुसार दिव्यांग ठरणाऱ्या मुलाचं मात्र मिळवत नाहीत. म्हणून "त्याच्याच नावावर टाका" हा सल्ला करापुरता बरोबर आहे. पेन्शनच्या बाबतीत तोच अंगावर येतो. सीएला दोन्ही गोष्टी एकत्र विचारा. ते आपणहून सांगतील म्हणून थांबू नका, कारण घरात फॅमिली पेन्शन आहे हे बहुतेक वेळा त्यांना माहीतच नसतं.

मग पैसे ठेवायचे कुठे? आम्ही मृत्युपत्रातून ट्रस्टचा मार्ग घेतला. रक्कम आईच्या नावावर राहिली. तिच्यामागे ती ट्रस्टकडे जाईल आणि विश्वस्त बाया, औषधं, फिजिओथेरपी यांचे पैसे परस्पर देतील. यातही एक खाच आहे. "भावाला दरमहा इतके हजार द्यावेत" असं ठरलेलं वाक्य दस्तात घातलं की ती रक्कम पुन्हा त्याचंच उत्पन्न होते. किती आणि कशावर खर्च करायचा हे विश्वस्तांवर सोपवलेलं हवं. अशा ट्रस्टला एरवी सर्वांत वरच्या दराने कर बसतो. अवलंबून असलेल्या नातेवाइकाच्या सांभाळासाठी मृत्युपत्राने केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल, तर नेहमीच्या टप्प्यांनुसार कर लागतो. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. स्टेशनबाहेरच्या तयार फॉर्मवर हे काम होत नाही.

एफडी आधीच झाली असेल तर ती लपवू नका. पॅनवर व्याज दिसतंच, आणि नंतर वसुली निघाली तर ती त्याच्याच मानेवर बसते. मुद्दलातून सांभाळाचा खर्च करत गेलं की व्याजही उतरतं, हा विचार सीएसोबत बसून करा.

राज्य सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेत गणित आणखी घट्ट आहे. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. 7 टक्क्यांनी 7 लाखांची एफडी 49,000 देते, 8 लाखांची 56,000. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2,500 मिळतात, आणि गरीब घरात त्या पैशांवर औषधं चालतात, म्हणून ही सीमारेषा हलक्यात घेऊ नये. दुसरं नियमित सरकारी पेन्शन सुरू झालं तर हे अनुदान बंद होतं. ते आपणहून कळवा.

पुण्यातला दादा बाईच्या पगारासाठी दरमहा 12,000 दिव्यांग भावाच्या खात्यात पाठवतो, हेही नेहमी दिसतं. वर्षाला 1,44,000 पासबुकात उमटतात. भावाने दिलेल्या पैशांवर आयकर नाही, हे खरं. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पासबुक पुढे केलं की प्रश्न निघतात आणि कागद अडकतो. दादाने पैसे थेट बाईच्या किंवा बाया पुरवणाऱ्या ब्युरोच्या खात्यात भरावेत, पावत्या जपाव्यात. विचारलं तर जे आहे ते सांगावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये परिचर भत्त्याचा, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसासाठीच्या भत्त्याचा, उल्लेख आहे. तो ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी आहे, तेव्हा दिव्यांगत्वाचं कार्ड आहे म्हणून तो आपोआप येईल असं धरून महिन्याचा हिशोब मांडू नका.

शेवटची चूक आळसाची. आईवडील हयात असतानाच मुलाचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, घालून घ्या. ते गेल्यावर हेच काम करताना घरातली माणसं अक्षरशः रडकुंडीला येतात. कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र एकदाच लागतं, तात्पुरतं असेल तर दर पाच वर्षांनी. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर पालक म्हणून कोण, तेही आत्ताच लिहून द्या. आमची पीपीओची प्रत, हाजीअलीच्या संस्थेतलं प्रमाणपत्र आणि मृत्युपत्राची झेरॉक्स एकाच निळ्या फायलीत आहे. ती कपाटात कुठे ठेवलीय, हे भावालाही ठाऊक आहे.